आवाज बाहेर पडतो तिथे दार

मिस्त्रींनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, हे गल्लीत कुणालाही विचारा. नाही विचारलंत तरी मिस्त्री स्वतःच सांगतील. चाळीस वर्षं त्यांनी फक्त दारंच केली. खुर्च्या-टेबलं करणाऱ्या सुतारांकडे ते जरा कीव आल्यासारखे बघायचे. खुर्चीचं काय, एक पाय आखूड झाला तर खाली कागदाची घडी सारता येते. दार मात्र केसभर चुकलं तरी घरच्यांना रोज सकाळ-संध्याकाळ शिव्या देतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी तक्रार घेऊन आलंच तर ते आधी चौकटीला दोष देत, मग भिंतीला, मग भिंत बांधणाऱ्या गवंड्याला. एखाद वेळी हवेलाही दिला असेल. स्वतःच्या हाताला दोष दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तशी वेळ फारशी आलीही नव्हती.

आता बाहेरची कामं त्यांनी सोडली होती. घराच्या पुढच्या खोलीत एक ठोकळ्यासारखं जाडजूड बाक, भिंतीवर ओळीने टांगलेले रंधे आणि पटाश्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एक स्टूल, एवढाच त्यांचा कारखाना. त्या स्टुलावर अलीकडे माणसं कमी आणि त्यांची नात जास्त उभी असायची.

नात सात वर्षांची. घरात एका जागी कधी सापडली नाही म्हणून नाव पडलं भिंगरी. ही भिंगरी स्टुलावर उभी राहून इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचायची, तेही हातवारे करून, मांजराच्या जागी मांजराचा आवाज काढून. मिस्त्रींना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बिजागऱ्यांच्या खोक्यावरची चार अक्षरं तेवढी ते ओळखत, तीसुद्धा चित्रासारखी. पण म्हणून काय झालं? शेजारचा शिंपी, समोरचा चहावाला, टपाल टाकायला आलेला माणूस, सगळ्यांना त्यांनी खोलीत ओढून नातीचं वाचन ऐकवलं होतं. वाचन संपलं की ते छाती पुढे काढून म्हणत, "एक चूक नाही. बोट ठेवायला जागा नाही." अगदी दाराबद्दल बोलावं तसं.

आणि का नाही बोलणार? नात कुणाची होती? भिंगरीची आई, म्हणजे मिस्त्रींची सून, शाळेत लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायची, आणि भिंगरीही तिच्याच वर्गात होती. मुलगा लांबच्या गावी कामाला, महिन्यातून दोन दिवस घरी. त्यामुळे घर चालायचं ते सूनबाईच्या वेळापत्रकावर. तिच्या वर्गातली मुलं वर्षअखेरीला न पाहिलेलं पुस्तक उघडून वाचतात अशी तिची ख्याती होती. ती मुलांकडून शब्द पाठ करून घेत नसे. शब्द म्हणजे एका दमात बोलता येणारे तुकडे, आणि तुकड्यांचे सहाच प्रकार, असं ती सांगे. प्रकार ओळखला की त्यातला स्वर काय बोलणार ते कळलं. मिस्त्रींना हे ऐकायला फार आवडायचं. कळायचं काहीच नाही, पण आपली सून काहीतरी मोजूनमापून, पद्धतशीर करते आहे एवढं त्यांना पुरे होतं.

मग तो सुटीचा दिवस उजाडला. दुपारी भिंगरी स्टुलावर, पुढ्यात शिंपी, आणि दारात ओले हात पुसत उभी सूनबाई. भिंगरी वाचत होती, मांजराची टोपी हरवली होती. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली. पुढच्या चित्रात नदी होती, होडी होती, मांजराचा पत्ता नव्हता. भिंगरीने चित्राकडे बघितलंच नाही. ती हरवलेली टोपी शोधत राहिली, मांजरासारखी ओरडली, आणि टोपी सापडल्यावर वाकून नमस्कार केला. शिंप्याने टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी त्याहून जोरात वाजवल्या.

सूनबाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंपी जाईपर्यंत ती थांबली. मग तिने आपल्या पिशवीतून दुसरं, पातळसं पुस्तक काढलं आणि भिंगरीच्या हातात दिलं.

"हे वाच बघू."

भिंगरीने पुस्तकाकडे पाहिलं. मग आईकडे. मग परत पुस्तकाकडे. 

"पहिला शब्द," सूनबाई म्हणाली. "नुसता पहिला."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती स्टुलावरून उतरून आत पळाली. मिस्त्रींना आधी राग आला तो सुनेचा. चांगलं वाचणाऱ्या पोरीला उगाच रडवलं. मग सूनबाईने त्यांना ती दोन पानं दाखवली, टोपीचं पान कुठे होतं आणि होडीचं कुठे, आणि मिस्त्रींनी ती पानं दोनदा उलटून पाहिली. इतके महिने त्यांनी ज्याची दवंडी पिटली होती ते वाचन नव्हतंच. पोरीला वर्गातलं प्रत्येक पुस्तक इतरांचं ऐकून ऐकून तोंडपाठ होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट निराळी. पण आणखी तीन आठवड्यांनी शाळेत वाचनाची परीक्षा होती. प्रत्येक मुलाला मोठ्या बाईंसमोर एक न पाहिलेलं पान वाचायचं. नाही वाचता आलं तर पुढचं वर्ष त्याच वर्गात. हा नियम गेल्याच वर्षी झाला होता, आणि तो भांडून करून घेतला होता खुद्द सूनबाईने. "पाठ म्हणणाऱ्या पोपटांना वरच्या वर्गात ढकलून आपण त्यांचंच वाटोळं करतो," असं ती भर सभेत बोलली होती. आता तिच्याच घरात पोपट निघाला. नियमातून सूट मागायला ती कुठल्या तोंडाने जाणार? आणि मागणाऱ्यातली ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवसापासून तिने लेकीला घेऊन बसायला सुरुवात केली. दहा मिनिटं व्हायची. अकराव्या मिनिटाला भिंगरी रडायची आणि बाराव्याला सूनबाईचा आवाज चढायचा. वर्गातल्या चाळीस पोरांवर जिने कधी आवाज चढवला नाही, तिचा घरच्या एका पोरीपुढे धीर सुटायचा. चार दिवसांनी ती येऊन बाकापाशी बसली.

"ती अक्षराकडे बघतच नाही, बाबा. माझ्या भुवयांकडे बघते. भुवई जरा हलली की शब्द बदलते. एक नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. चुकायचं नाही, एवढंच तिला ठाऊक आहे. बाईंची मुलगी ना ती. बाईंची मुलगी चुकली तर वर्ग हसेल."

मिस्त्रींनी विचारलं, "मी काही करू का?"

सूनबाईने पिशवीतून कागद काढले. वर्गासाठी तिला एक साधन करून हवं होतं. झालंच तर घरीही उपयोग होईल. लाकडाची एक पाटी, तिच्यावर दोन अक्षरं, आणि पाटीला बिजागरीने जोडलेली एक छोटी झडप, तिच्यावर एक अक्षर.

"दारच समजा, बाबा. पाटीवर ‘गो’ लिहिलंय. झडप उघडी असली की ‘ओ’ मोकळा. मग तो आपलं नाव लांबवून सांगतो, गोऽ. झडप लावली की ‘टी’ येऊन त्याला कोंडतो, आवाज आखडतो. गॉट. मुलांना हाताने उघडझाप करता आली ना, की डोक्यात बसतं."

"दार म्हणालीस ना?" मिस्त्रींनी कागद घेतले. "मग बघायला नको." त्यांनी मान डोलावली ती मुरलेल्या कारागिराची मान होती, म्हणजे ‘दार’ या शब्दानंतरचं त्यांनी काहीही ऐकलेलं नव्हतं. पाटीची अक्षरं एका कागदावर, झडपेची दुसऱ्यावर. झडप कुठल्या बाजूला बसवायची ते सूनबाईने काढून दिलं नव्हतं. दार कुठे लावायचं हे मिस्त्रींना सांगायची हिंमत आजवर घरमालकांना झाली नव्हती, ती सुनेला कुठून व्हावी?

मिस्त्रींनी एका जुन्या दाराच्या उरलेल्या फळ्या काढल्या, मुरलेलं लाकूड, आता ना फुगणार ना वाकणार. बारा पाट्या कापल्या, बारा झडपा कापल्या. कडा रंधून, मग कानशीने घासून अशा गोल केल्या की पोरांच्या बोटाला कुसळ लागू नये. अक्षरं त्यांनी रंगवली नाहीत. बारीक पटाशीने खोल कोरली. काय कोरतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण गोल गोलच आला आणि उभी रेघ उभीच आली. दागिन्यांच्या पेटीला लावतात तसल्या नखाएवढ्या पितळी बिजागऱ्या आणल्या. आणि झडप कुठे लावायची यावर एक क्षणही न अडता त्यांनी ती डाव्या बाजूला लावली. हिशेब सरळ होता. इंग्रजी वाचतात डावीकडून. म्हणजे शब्दात शिरायचं डावीकडून. आणि माणूस घरात शिरतो तिथे दार असतं.

पाच दिवसांनी संध्याकाळी त्यांनी बाराही पाट्या बाकावर मांडल्या, वर फडकं टाकलं, आणि सगळ्यांना, म्हणजे दोघींना, बोलावलं. फडकं काढलं. दिव्याखाली पितळ चमकत होतं.

सूनबाई जरा जास्तच वेळ बघत राहिली. "फार सुबक झालंय, बाबा," ती शेवटी म्हणाली आणि चहाचा कप उचलला. तिने मनात ठरवूनही टाकलं होतं की मुलांना कसंबसं समजावून सांगू, पण पाच दिवस मान मोडून केलेल्या कामाला नाव ठेवायचं नाही.

भिंगरीला असलं काही सुचलं नव्हतं. तिने पहिली पाटी उचलली, झडप लावली, उघडली, परत लावली.

"आजोबा, हे चुकलंय."

सूनबाईचा कप ओठांपाशीच थांबला.

"काय चुकलंय?" मिस्त्री म्हणाले.

"दार. चुकीच्या बाजूला लावलंय. हे तर टगो झालं."

चाळीस वर्षांत गवंडी बोलले नव्हते, मालक बोलले नव्हते, आणि दुधाचे दात पडायचे बाकी असलेली ही चिमुरडी त्यांना दार कुठे लावायचं ते सांगत होती. मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या, भुवया एकमेकींना भिडल्या आणि चौकटीला दोष देणारं वाक्य जिभेवर आलं. इथे चौकट नव्हती म्हणून ते जरा अडखळले, एवढंच. पण तेवढ्यात भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं होतं. तिचे डोळे त्यांच्या कपाळावर गेले आणि चेहरा झरकन बदलला.

"नाही, नाही. बरोबर आहे," ती घाईघाईने म्हणाली. "छान आहे. मीच चुकले."

मिस्त्रींना ते फार लागलं. पाटीचं नव्हे, हे. सूनबाई म्हणाली होती ते त्यांनी आता स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पोरगी भुवया वाचत होती. आणि भुवया वाचायला तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ती विद्या याच घरातली होती, बहुतेक याच कपाळावरची. चूक म्हटली की कपाळाला आठ्या, हे ती जन्मल्यापासून बघत आली होती.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या रंध्यांकडे तोंड करून बसले.

"आता मी तुझ्याकडे बघत नाही," ते म्हणाले. "सांग, काय चुकलं ते."

मग झडपेचा टक् असा आवाज झाला.

"तुम्ही आत यायच्या बाजूला दार लावलंय," भिंगरी हळू म्हणाली. "पण आवाज तिकडून बाहेर पडत नाही. तो पुढे जातो. गोऽऽ. बघा, ओ इकडून बाहेर चाललाय. मग टीने त्याला इकडे अडवायला पाहिजे ना? तिकडे मागे जाऊन उभा राहिला तर तो कुणाला अडवणार?" आणि मग, आणखी हळू, "आवाज बाहेर पडतो तिथे दार."

मिस्त्रींनी तोंड उघडून "गोऽ" केलं. खरंच, आवाज शेवटाकडे मोकळा सुटत होता. मग "गॉट" म्हणून पाहिलं. जीभ दातांमागे आपटली, दार लागलं. सुनेने समजावलं तेव्हा जे कानावरून गेलं होतं, ते आता तोंडात सापडलं. त्यांनी दोन-तीनदा उघडझाप करून पाहिली. बिनकुरकुरीचं दार होतं.

ते वळले. सूनबाई लेकीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मिस्त्रींनी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पोरीला सगळं येत होतं. बंद तुकडा काय, उघडा काय, स्वर कुठे कोंडतो, कुठे सुटतो, सगळं आत उतरलेलं होतं. फक्त चुकायच्या भीतीने ती ते बाहेर काढत नव्हती.

"चुकलं," मिस्त्री म्हणाले.

घरात हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकू आला. भिंतीवर पाल होती, तीसुद्धा बहुधा थबकली असेल. "माझं चुकलं. बाराही चुकल्या. पेचकस आण, भिंगरे."

मग बारा झडपा उतरल्या. भिंगरी स्क्रू मोजून वाटीत टाकत होती. जुन्या भोकांत मिस्त्रींनी लाकडाच्या काड्या सरस लावून ठोकल्या, वरून घासल्या, तरी भोकं दिसत राहिली. एरवी त्यांनी असली पाटी जळणात टाकली असती.

"आजोबा, तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. पण राग येऊन बिजागरी सरकत नाही."

"मग चुकलं तर काय करायचं?"

"काढायचं आणि परत लावायचं. भोकं राहतात थोडी. राहीनात का."

भिंगरीने भोकावरून बोट फिरवलं. "लागत नाहीत हाताला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या खोलीत उलटी शाळा भरू लागली. शिकवणार भिंगरी, शिकणार मिस्त्री. ही कल्पना सूनबाईची. "बाबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही हेच बरं," ती म्हणाली होती. "तुमच्या भुवयांत उत्तरच नाही. तिला अक्षराकडेच बघावं लागेल." आयुष्यात काहीतरी येत नसल्याबद्दल मिस्त्रींचं कौतुक झालं ते हे पहिलंच.

विद्यार्थी तसा हट्टी होता. प्रत्येक गोष्ट त्याला सुतारकामात बसवून हवी असायची. शब्दाच्या शेवटी येऊन एक अक्षरही न बोलणारा ‘ई’ भेटला तेव्हा मिस्त्रींनी दोन दिवस वाद घातला, न बोलणाऱ्याला जागा कशाला? "तो बोलत नाही, पण मागे उभा राहून आधीच्या स्वराला नाव सांगायला लावतो," भिंगरी म्हणाली. मग मिस्त्रींना उमगलं की ही खिट्टी आहे. दिसत नाही, आवाज करत नाही, पण दार तिच्यावरच उघडं राहतं. दोन स्वर शेजारी येऊन एकच आवाज काढतात ते दोन पल्ल्यांचं दार झालं. स्वराला बगलेत मारून त्याचा आवाजच बदलून टाकणाऱ्या ‘आर’ला त्यांनी फुगलेलं लाकूड ठरवलं. आणि शब्दाच्या शेपटाला ‘एल’ आणि मुका ‘ई’ मिळून आधीच्या अक्षराला घेऊन बसतात, तो टेबलमधल्या ‘बल’सारखा तुकडा म्हणजे दारामागचा ठोकळा. भिंगरीला ही नावं इतकी आवडली की तिने आईची नावं सोडून हीच धरली.

मिस्त्री चुकायचे, आणि भरपूर चुकायचे. आधी मुद्दाम चुकावं असं त्यांच्या मनात होतं. तशी गरजच पडली नाही. चुकले की भिंगरी पेचकस उगारून म्हणायची, "काढा. परत लावा." हळूहळू तीही न पाहिलेले शब्द वाचू लागली, आणि तीही चुकू लागली. पहिल्यांदा चुकली तेव्हा सूनबाई पलीकडच्या खोलीत पोळपाट धुवत होती. तिने दातांखाली ओठ दाबून धरला आणि पोळपाट तीनदा धुतला, पण ती बाहेर आली नाही. तिच्या त्या न येण्याचं मिस्त्रींना फार कौतुक वाटलं. येत असून न बोलणं किती अवघड असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन शाळेत हजर. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार जमिनीला घासतं अशी तक्रार सूनबाईने वर्षभर सांगितली होती, आणि वर्षभर त्यांना सवड झाली नव्हती.

"आजच?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आज इथे मुलांची परीक्षा आहे, मिस्त्री."

"फुगलंय हो. आज नाही काढलं तर उद्या कुणीतरी आत अडकेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. त्यामुळे त्या दिवशी त्या खोलीला दारच नव्हतं. बाहेर व्हरांड्यात दोन बाकड्यांवर दार आडवं टाकून मिस्त्री रंधा मारत होते, आणि इतका हळू की त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणी पाहिलं असतं तर त्याला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली असती. सूनबाई आपल्या वर्गात होती. स्वतःच्या मुलाच्या परीक्षेला शिक्षकाने हजर राहायचं नाही, हाही नियम तिचाच.

भिंगरी आत गेली. रंधा थांबला.

मोठ्या बाईंनी पान पुढे ठेवलं. भिंगरीने वाचायला सुरुवात केली. हातवारे नव्हते, आवाज काढणं नव्हतं. शब्दाला शब्द लावत, एक तुकडा धरून दुसऱ्याकडे, ती सावकाश चालली होती. आधीचं घडाघडा वाचन आठवलं तर हे फारच रखडत होतं. मिस्त्रींना मात्र त्यात प्रत्येक बिजागरी बसताना ऐकू येत होती. टेबल आलं. तिथे पहिल्या तुकड्याचं दार उघडं असतं. ती बरोबर शिरून बाहेर पडली. मग पुढच्या ओळीत मेणबत्ती होती.

"केन्डल," भिंगरीने वाचलं.

आणि थांबली. मिस्त्रींनी मान वाकडी करून पाहिलं. मोठ्या बाईंच्या भुवया जराशा वर गेल्या होत्या. भिंगरीचे डोळे कागदावरून उठले आणि त्या भुवयांकडे निघाले. अर्ध्या वाटेवर ते डोळे थांबले, आणि खाली उतरले.

"थांबा. चुकलं," भिंगरी म्हणाली. चांगलं मोठ्याने, व्हरांड्यात ऐकू येईल असं.

तिने डावा तळहात कागदावर उभा धरला, दारासारखा, आणि शब्दाच्या मधोमध टेकवला. "इथे दार बंद आहे. कॅन. मग ठोकळा. कॅन्डल." आणि हात काढून ती पुढच्या शब्दाकडे गेली.

पान संपलं. मोठ्या बाईंनी पुस्तकात खूण केली आणि स्वतः उठून व्हरांड्यात आल्या. "वरच्या वर्गात गेली हो तुमची नात," त्या म्हणाल्या. "छान वाचते. एक चूक झाली फक्त."

"ऐकली," मिस्त्री म्हणाले. "तीच ऐकायला आलो होतो."

सुटी झाल्यावर सूनबाई हाताला लागलेला खडू तसाच घेऊन धावत आली. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं, कॅन्डलसकट. सूनबाई आडव्या टाकलेल्या दाराला टेकली आणि तिथेच रडली. "माझ्याच्याने नाही झालं हो, बाबा. माझीच लेक, आणि मला नाही शिकवता आली."

"तूच शिकवलीस. मला बाजू तरी कळत होती का? तिने जे मला सांगितलं ते तुझंच होतं, शब्दन् शब्द. या शाळेत तुझ्यासारखी दुसरी नाही, आणि आमच्या घरात तर नाहीच." एवढं बोलून ते घाईने दाराकडे वळले, कारण असलं बोलायची त्यांनाही सवय नव्हती. दार उचलून त्यांनी बिजागऱ्यांवर चढवलं आणि एका बोटाने ढकललं. ते आवाज न करता बंद झालं.

परत येताना मिस्त्री गल्लीतल्या सगळ्यांकडे थांबले. भिंगरी त्यांच्या बोटाला धरून. चहावाल्याने दुरूनच विचारलं, "काय मिस्त्री, झाली परीक्षा? एक चूक नाही ना?"

मिस्त्रींनी छाती पुढे काढली, भिंगरीला पुढे केलं.

"एक केली," ते म्हणाले. "आणि स्वतःची स्वतः दुरुस्त केली."

चहावाल्याला त्यात एवढं अभिमानाचं काय ते कळलं नाही. मिस्त्री तोवर शिंप्याच्या दुकानाशी पोचले होते आणि पहिल्यापासून सांगू लागले होते.